उसातली लाल साडी

आधीच सांगून ठेवते, मी तापट आहे. सोनईत माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या पोरी माघारी मला फटाका मॅडम म्हणतात. मला सगळं कळतं. ज्या दिवशी तोंडावर सापडतील त्या दिवशी एकेकीला बघून घेईन. पण शामकांत सरांपुढे माझा आवाज कधी चढला नव्हता. देवळात गेल्यावर आपण आपोआप हळू बोलतो ना, तसं व्हायचं माझं. म्हणून त्या दिवशी कोल्हारात जे झालं ते सांगताना अजून माझ्या अंगाला कापरं भरतं, आणि ते रागाचं आहे की रडण्याचं, हे माझं मलाच समजत नाही.

सर पाथर्डीला आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मी आठवीत असताना एक दिवस त्यांनी घरचा कॉम्प्युटर टॉवेलात गुंडाळून वर्गात आणला. कॉम्प्युटर म्हणजे काय, वहीएवढा काळा डबा आणि वर रबराची बटणं. तो टीव्हीला जोडायचा आणि शेजारी टेपरेकॉर्डर ठेवून त्यात कॅसेट लावायची. कॅसेटमधून गाणं नाही, नुसता कर्रर्र असा कानठळ्या बसवणारा आवाज यायचा. तो आवाज म्हणजेच प्रोग्रॅम. पाच मिनिटं कान दाबून बसलं की पडद्यावर चित्र. मी आईबरोबर ऊसतोडीला जायची, निम्मं वर्ष शाळेत नसायची, कपड्याला पाचटाचा वास. वर्गात मला कोणी शेजारी बसवून घेत नव्हतं. सरांनी मला पुढे बोलावलं आणि म्हणाले, "जया, तू बटण दाब." बास. तिथून पुढे मी जी काही झाले ती त्या एका वाक्यामुळे झाले, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले.

सर रिटायर होऊन कोल्हारला त्यांच्या घरी राहायला गेले तरी आमचं जाणंयेणं होतं. मागच्या दिवाळीत त्यांचा फोन आला. नगरला एका कॉलेजात जुन्या घरगुती कॉम्प्युटरांचं प्रदर्शन भरणार होतं, पुण्याची हौशी मंडळी भरवणार होती, आणि त्यात छोट्या फिल्मची स्पर्धा होती. अट एकच. चित्रं त्या जुन्या मशीनवरच काढायची, हलवायचीही त्याच मशीनवर. नव्या कॉम्प्युटरचा हात लागता कामा नये. फक्त टीव्हीसमोर कॅमेरा लावून शूटिंग करायचं आणि तुकडे एकापुढे एक जोडायचे, एवढीच मुभा. ही अट सरांनी मला फोनवर दोनदा वाचून दाखवली. "यातच तर खरी गंमत आहे जया," ते म्हणाले. "आपलं मशीन अजून चालतंय. करतेस का?"

करतेस का म्हणे! मी फोन ठेवायच्या आधी मनात फिल्म सुरू झाली होती.

फिल्म माझ्या आईवर. कडूबाई तिचं नाव. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे जोडी असली तर तुम्ही एक. माझा बाप मी लहान असतानाच गेला, तेव्हा आई झाली अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला मुकादम घ्यायला बघत नाही. तरी ती गेली, चुलत्याच्या टोळीत मिनतवारी करून गेली, आणि पुढची कितीतरी वर्षं ती एकटी तोडायची, एकटी मोळी बांधायची आणि एकटी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. गोष्ट एवढीच. पहाटे लाल साडीतली बाई उसात शिरते आणि संध्याकाळी मोळी घेऊन बाहेर येते. फिल्मचं नाव 'अर्धा कोयता'.

दर रविवारी मी राहुरीला गाडी बदलून कोल्हारला जायची. आठवडाभर घरी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून चित्रं काढायची, दसुतीवर टाके घालतात तशी, आणि रविवारी ती मशीनमध्ये एकेक चौकोन करून घालायची. मशीनच्या पोटात एका वेळी पाच-सहा चित्रंच मावायची. मग तेवढाच तुकडा कॅसेटवर उतरवायचा आणि पुढचा घ्यायचा. कॅसेटी जुन्या, टेप जुना. चित्र लोड होता होता शेवटच्या क्षणाला बंद पडायचं आणि मी कपाळावर हात मारायची. सर मात्र शांत. बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन टेपच्या हेडचा स्क्रू केसभर फिरवायचे, कान लावून ऐकायचे आणि म्हणायचे, "आता लाव." आतून नीलांबरी काकू ओरडायच्या, "अहो, त्या मशीनला काय ते तुमचं ऐकू येतंय, माझं मेलं कोणाला येत नाही. जेवायला उठा!"

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण पुढचं सगळं हिच्यावर आहे. त्या मशीनला एक खोड होती. पडदा म्हणजे बारीक चौकटी, आणि एका चौकटीत दोनच रंग बसायचे, एक मागचा काळा आणि एक वरचा, तिसरा नाही. माझी आई लाल साडीत हिरव्या उसात शिरली की ज्या ज्या चौकटीला साडीचं टोक लागायचं तिथला ऊसही लाल व्हायचा. ती पुढे सरकली की तो परत हिरवा आणि पुढचा लाल. म्हणजे बाई चालली की तिच्याभोवतीचा ऊस लाल होत चाललाय. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी चिडले. सगळी मेहनत वाया, म्हटलं, हे काय डागाळलेलं चित्र! मग बघत राहिले. उसाच्या पात्यानं हात कसे चिरतात हे ज्याला माहीत आहे त्याला ते चित्र बघवलं नसतं. मी म्हटलं, सर, हे असंच ठेवायचं. सर चष्मा कपाळावर सरकवून कितीतरी वेळ बघत बसले. "मशीनची खोड तू कामाला लावलीस गं," ते म्हणाले. "मला हे सुचलं नसतं." त्या दिवशी परतीच्या गाडीत मला सीट मिळाली नाही, उभी होते सोनईपर्यंत, पण पाय दुखल्याचं काही आठवत नाही.

सगळे तुकडे झाले तेव्हा उन्हाळा संपत आला होता. शूटिंग आणि जोडकाम सरांनी अंगावर घेतलं, कारण जुना टीव्ही त्यांच्याकडे, कॅमेरा त्यांच्याकडे, आणि माझ्या क्लासच्या परीक्षा आल्या होत्या. मी म्हटलं, झाली की मला पाठवा. ते म्हणाले, "आता एकदम मोठ्या पडद्यावरच बघ. मोबाईलवर बघून मजा घालवू नकोस." बरं, म्हटलं. मग मी विचारलं, नावं कशी द्यायची, तुमचं आधी की माझं? तर म्हणाले, "माझं कशाला? तुझंच एकटीचं दे. मी फक्त कॉम्प्युटर दिला." मी फोनवर रडले. खरं सांगते, ढसाढसा रडले. एवढं मोठं मन कुणाचं असतं, म्हटलं. आईला सांगितलं तर ती पण पदर डोळ्याला लावून बसली.

नगरला जायच्या दिवशी आईनं ठेवणीतली साडी नेसली. तिला घेऊन मी भाड्याच्या गाडीनं आधी कोल्हारला गेले, सरांना आणि मशीनला घेतलं आणि तिथून नगर. क्लासच्या ग्रुपवर सकाळीच टाकलं होतं, आज आपल्या मॅडमची फिल्म आहे म्हणून. पोरींचे आईबाप त्याच ग्रुपवर. अंगठे, फुलं, नारळ, काय काय येत होतं. सर पुढच्या सीटवर, मांडीवर त्यांची कापडी पिशवी, आणि आई मागे माझ्या शेजारी. "मास्तर, मला टीव्हीत वळखू तरी येईन ना मी?" आईनं विचारलं. सर हसले, मागे वळून मात्र बघितलं नाही.

कॉलेजच्या हॉलमध्ये भिंतीकडेनं टेबलं मांडली होती आणि त्यावर अशीच जुनी मशीनं. आमचं मशीन पण मांडलं. परीक्षक होत्या अनन्या मॅडम, पुण्याच्या, चाळिशीच्या, बोलायला मऊ. त्यांचं आख्खं बालपण असल्या मशीनवर गेलेलं, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. आमची फिल्म तिसरी लागली. पडद्यावर नाव आलं, 'अर्धा कोयता', आणि खाली माझं नाव, सोनई. आईनं माझा दंड घट्ट धरला.

पहाट झाली. लाल साडीतली बाई आली. पहिल्यांदा मला काही कळलंच नाही. चित्र इतकं गुळगुळीत होतं की मला वाटलं, मोठ्या पडद्यावर असंच दिसत असेल. मग बाई उसात शिरली, आणि ऊस हिरवाच राहिला. एक चौकटसुद्धा लाल झाली नाही. साडी लालभडक, ऊस हिरवागार, सगळं कसं कॅलेंडरवरच्यासारखं. बाईची मान लवचिक, कंबर लवचिक, डोक्यावर मोळी असून चालणं नाचल्यासारखं. चौकोन होते, पण ते उगाच दाखवायला ठेवल्यासारखे.

"लई नटवलंय गं मला," आई माझ्या कानात म्हणाली. मग म्हणाली, "ही मी न्हाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ही माझी फिल्म नव्हती. माझी गोष्ट, माझं नाव, माझी आई, पण त्यातलं एकही चित्र मी काढलेलं नव्हतं. मी सरांकडे बघितलं. ते पडद्याकडेच बघत होते, पडदा काळा झाला होता तरी.

मला पुढे बोलावलं. अनन्या मॅडमनी माईक धरला आणि हळूच विचारलं, "जयाताई, लाल साडी उसातून जाते तेव्हा उसाचा रंग बदलत का नाही? या मशीनवर तो बदलायलाच हवा."

"बदलतो," मी म्हटलं. "माझ्या फिल्ममध्ये बदलतो."

"मग ही कुणाची आहे?"

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मी म्हटलं, काहीतरी घोटाळा झालाय, चुकून दुसरीच फाईल आलीय, माझे सर इथेच आहेत, शूटिंग त्यांनी केलंय, त्यांना विचारा. मॅडमनी सरांकडे माईक पाठवला. सर उभे राहिले. पिशवी त्यांनी खुर्चीवर ठेवली नाही, काखेत धरली. मला वाटलं, आता हे बोलतील आणि सगळं सरळ होईल. या माणसानं आयुष्यात माझं काही वाकडं होऊ दिलं नव्हतं.

"मी फक्त शूटिंग केलं," सर म्हणाले. "बाकी सगळं काम हिचं. नावही हिचंच आहे."

आणि बसले.

अनन्या मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी मला संधी दिली. म्हणाल्या, "कॅसेटी असतील ना? मशीन इथेच आहे. एक तुकडा लोड करून दाखवा. खरी फिल्म तुमची असेल तर ती त्या कॅसेटीत असणारच. फाईल चुकली असं मी मान्य करीन."

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथूनच ओरडले, "सर, कॅसेटी द्या!"

सरांनी मान हलवली. "कॅसेटी घरी राहिल्या," ते म्हणाले. माईक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

मग काय राहिलं? मॅडमनी थोडा वेळ वाट बघितली, वाईट वाटून बघितली, आणि माईकवर सांगितलं की ही फिल्म नव्या कॉम्प्युटरवर बनवलेली दिसते, सबब स्पर्धेतून बाद. नाव माझं घेतलं, कारण नाव माझंच होतं. कुणीतरी मोबाईलवर ते सगळं घेत होतं. आम्ही गाडीपाशी पोचेपर्यंत क्लासच्या ग्रुपवर ते आलं होतं. खाली एका पोरीच्या बापानं लिहिलं होतं, 'मॅडम, आमच्या मुलींना हेच शिकवता का?' सकाळी नारळ टाकणाऱ्यांपैकी कुणी काही बोललं नाही. हळूहळू एकेक जण ग्रुप सोडायला लागला, ते मी बघत बसले.

राहुरी आली तेव्हा आईला राहवलं नाही. ती मला कोपरानं ढोसून म्हणाली, "मास्तर गप का बसलं गं? त्यांला तर म्हाईत हुतं ना तू केल्तं ते."

"आई, गप," मी म्हटलं. मी आईला गप केलं! कप्पाळ माझं. मनात मी सरांचीच बाजू घेत होते. म्हातारा माणूस, माईक बघून घाबरला असेल. फाईल पाठवताना गोंधळला असेल. असल्या चुका होतात. घरी जाऊन कॅसेटी घेऊ, मॅडमना फोन करू, उद्या परत नगरला जाऊ आणि लोड करून दाखवू. मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं.

कोल्हारला घराच्या दारात नीलांबरी काकू औक्षणाचं ताट घेऊन उभ्या. निरांजन लावलेलं, हळदकुंकू, साखर. गाडीचा आवाज ऐकूनच आल्या असाव्यात. "थांब, आत नको येऊ, आधी ओवाळू दे," त्या म्हणाल्या. "कितवा नंबर आला?"

"थोडक्यात हुकला," सर म्हणाले, आणि ताटाच्या बाजूनं वाट काढून आत गेले.

काकूंनी तरी मला ओवाळलं. म्हणाल्या, नंबर गेला खड्ड्यात, एवढं केलंस ते काय कमी आहे? मी तशीच उभी राहिले, डोळ्यांत पाणी घेऊन. मग त्यांनी आईला हाताला धरून आत नेलं, पाणी दिलं, चहा टाकला आणि सरांच्या हातातून पिशवी घेतली. "आणा, डबा घासायला टाकते." सर म्हणाले, राहू दे. काकू म्हणाल्या, राहू दे काय, भाजीचा डबा आहे, वास सुटेल. त्यांनी पिशवीतून डबा काढला, पाण्याची बाटली काढली, चष्म्याचं घर काढलं, आणि मग एका फडक्यात बांधलेलं गाठोडं काढून माझ्यापुढे धरलं.

"या घे गं तुझ्या कॅसेटी. सकाळी मीच बांधून दिल्या यांच्याबरोबर. म्हटलं, विसरतील, आणि ऐन वेळेला तुझी पंचाईत व्हायची."

मी गाठोडं घेतलं. गाठ सोडली. माझ्याच अक्षरात लिहिलेल्या चिठ्ठ्या, माझ्याच कॅसेटी. पहाट. उसात. मोळी. फळी.

मी सरांकडे बघितलं. ते खुर्चीच्या दांडीवर हात फिरवत होते.

"तुमच्याकडे होत्या?" मी विचारलं. "मी तिथे ओरडत होते, सर, कॅसेटी द्या म्हणून, तेव्हा तुमच्याकडे होत्या?"

"जया, आधी ऐकून घे."

"होत्या की नव्हत्या?"

"होत्या," सर म्हणाले.

काकूंच्या हातात चहाचा कप तसाच राहिला. "काय झालं? मला कुणी सांगाल का?" मग आईनंच सांगितलं. तिनं तिच्या पद्धतीनं सांगितलं, "माझ्या लेकीला चोर म्हनले हो सगळ्यांम्होरं. आन मास्तर मांडीवर कॅसेटी घेऊन बसलं हुतं."

सर बोलायला लागले. हळू, समजावणीच्या सुरात, वर्गात बोलायचे तसे. म्हणाले, शूटिंग केलं, तर पडद्यावर पट्टे येत होते. म्हणून पुण्याला पुतण्याला दिलं, सुश्रुतला, नुसते पट्टे काढून दे म्हणून. त्यानं त्याच्या कॉम्प्युटरवर घातलं, आता काय, सगळं आपोआप करून देणारं आलंय, आणि पट्ट्यांबरोबर सगळंच नव्यानं होऊन आलं. "मी बघितलं तर इतकं सुंदर दिसत होतं गं. मला वाटलं, परीक्षक मोठे लोक असणार, आपलं ते डागाळलेलं बघून काय म्हणतील? तुझ्या भल्यासाठीच पाठवलं."

"अट तुम्हीच मला वाचून दाखवली होती."

"हो."

"आणि लाल ऊस? मला हे सुचलं नसतं, म्हणालात. ते काय होतं?"

"चांगलंच होतं ते. पण बाहेरच्या माणसाला जरा... गावठी वाटलं असतं."

गावठी. आठ महिने हा माणूस माझ्या प्रत्येक चित्राला वा म्हणत होता. आठ महिने.

"तुमची खोड जाणार नाही," काकू एकदम म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरका झाला होता. "नोकरीत होतात तेव्हाही हेच. विज्ञान प्रदर्शन आलं की पोरांची मॉडेलं घरी आणायची, आणि रात्री स्वतः बसून नीट करायची. तक्ते पुसून गिरवायचे. सकाळी पोराला वाटायचं, आपणच केलं. मी किती वेळा म्हटलं, अहो, बिघडलेलं असू दे, त्याचं त्याला असू दे. यांना शाळेचा नंबर हवा असायचा."

मी काकूंकडे बघतच राहिले. नववीत माझी पाणचक्की तालुक्याला पहिली आली होती. आदल्या संध्याकाळी ती फिरत नव्हती. मी रडत शाळेत ठेवून गेले होते आणि सकाळी ती फिरली. पाणी ओतलं की गरागरा. माझं मलाच खरं वाटेना. त्या चक्कीच्या जोरावर मी आईला सांगितलं होतं, मला ऊसतोडीला नेऊ नको, मला जमतंय, मी शिकणार. आणि आई मला गावात आजीपाशी ठेवून एकटी गेली होती.

"माझी चक्की पण?" मी विचारलं.

सरांनी मान खाली घातली असती, तर तेही चाललं असतं. पण ते हसले, ओशाळवाणं, लाडानं, जणू आता त्या गोष्टीचं काय एवढं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, फोन लावा मॅडमना. आत्ता. सांगा त्यांना काय झालं ते."

"लावतो. उद्या लावतो. जरा शांतपणे बोलावं लागेल, कसं मांडायचं ते..."

"आत्ता."

"अगं, पुढच्या महिन्यात माझे जुने विद्यार्थी सत्कार करतायत माझा. पत्रिका गेल्यात. आणि तुझं काय, लोक विसरतात चार दिवसांत. तुझं वय आहे, दुसरी फिल्म करशील. मला आता या वयात... कोल्हारात तोंड दाखवायचंय मला, जया."

"मला सोनईत दाखवायचंय."

मी पर्समधून मोबाईल काढला. स्पर्धेचा नंबर होताच. सर खुर्चीतून उठले आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले. त्यांनी हात जोडले नाहीत, तसं म्हणणार नाही, पण दोन्ही हात छातीशी आणून धरले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "घरी सापडल्या म्हण. नुसतं एवढंच म्हण की घरी सापडल्या. खोटं पण नाही ते. घरातच तर आहेत आत्ता."

खोटं पण नाही ते! केसानं गळा कापतात तो कसा, ते मला त्या वाक्यात कळलं. आणि तरी, काय सांगू, माझं मन डगमगलं. मनात आलं, म्हणावं तसंच. फाईल चुकून गेली, कॅसेटी घरी सापडल्या, दोघांचंही झाकलं जाईल. तीस वर्षं ज्यांच्यापुढे हळू बोलले त्यांच्यासाठी एवढं एक वाक्य. आई माझ्याकडे बघत होती. काकूंनी निरांजन उचलून आत नेलं.

फोन उचलला गेला. अनन्या मॅडमचा आवाज थकलेला होता, मागे खुर्च्या आवरल्याचा आवाज. मी माझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, बोला.

"मॅडम, कॅसेटी सापडल्या. सगळ्या आहेत. तुम्ही म्हणाल तिथे येऊन लोड करून दाखवते."

"आत्ता सापडल्या?" त्यांचा विश्वास बसत नव्हता, आणि का बसावा? "कुठे होत्या?"

सर माझ्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांचे डोळे मला म्हणत होते, घरी, घरी म्हण.

"पिशवीत," मी म्हटलं. "हॉलमध्येच होत्या, मॅडम. तुम्ही मागितल्या तेव्हाही तिथेच होत्या, माझ्याबरोबर आलेल्या माणसाच्या काखेत. आणि फिल्म चुकून बदलली नाही. त्यांनी बदलली. मला न विचारता."

पलीकडे खुर्च्यांचा आवाज थांबला.

"तुमच्याबरोबर ते म्हातारे गृहस्थ होते, ते?" मॅडमनी विचारलं. "कोण आहेत ते तुमचे?"

सर खाली बसले. मी त्यांच्याकडे बघतच उत्तर दिलं, आणि माझा आवाज चढला, त्यांच्यापुढे पहिल्यांदाच चढला.

"माझे सर आहेत ते," मी म्हटलं. "मला कॉम्प्युटर त्यांनीच शिकवला."